मूळ खेळात कॉलेज नव्हतं

आमची नात दिवसभर लॅपटॉपवर काय करते ते मला बघायचं होतं, एवढीच खरं तर सुरुवात. बारावीचा निकाल लागला होता, चांगला लागला होता, आणि ती आंब्यांच्या खोलीत जाऊन बसायची. त्या खोलीत पेंढ्यात आंबे लावलेले असतात, म्हणून खिडक्या बंद आणि आत जरा गार. मी पिकलेले आंबे वेगळे काढायला जायची आणि काढता काढता मान वाकडी करून तिच्या पडद्याकडे बघायची.

पडद्यावर एक घर होतं. छप्पर नसलेलं, म्हणजे वरून आतलं सगळं दिसायचं. आत माणसं वावरत होती. एक जण तळत होता, एक बाई नळ दुरुस्त करत होती. बोलत होती ती भाषा कुठलीच नव्हती, पण भांडतायत की हसतायत ते कळायचं. मी विचारलं, यात जिंकायचं कसं? नात म्हणाली, "जिंकायचं नसतं आजी. फक्त जगायचं."

आता असं कोणी सांगितल्यावर मी आंबे कशाला निवडत बसते? पाट ओढला आणि शेजारी बसले.

तिने सगळं समजावून सांगितलं. प्रत्येक माणसाला पट्ट्या असतात. भुकेची, झोपेची, अंघोळीची, एवढंच नाही तर गप्पांचीसुद्धा. पट्टी उतरली की माणूस तोंड पाडून बसतो. मला हे फार पटलं. मग तिने सांगितलं की जन्म, लग्न, स्वयंपाक, नोकरी, म्हातारपण, मरण, हे सगळं मूळ खेळात आहे, पण कॉलेज त्यात नव्हतं. ते मागाहून वेगळं निघालं, आणि हवं असेल त्याने वेगळं घ्यायचं. तिच्या मामाने पास झाल्याबद्दल तिला ते घेऊन दिलं होतं.

मी म्हटलं, बरोबर आहे, माझ्याही मूळ खेळात नव्हतं. हेदवीच्या बाजूला माझं माहेर, तिथे तेव्हा शाळा सातवीपर्यंत. पुढचं जे काही शिकले ते वाचनालयाच्या पुस्तकांतून, मुलाच्या क्रमिक पुस्तकांतून, आणि वाण्याच्या पुड्या सोडून त्यांच्या कागदांवरून. कॉलेज मी फाटकापर्यंत बघितलेलं आहे. मुलगा छत्री विसरला होता, ती द्यायला गेले होते. आत एवढी मुलं दिवसभर काय करतात, हे कुतूहल मला त्या दिवसापासून आहे, आणि ते कोणाला विचारण्यासारखं नाही, कारण विचारलं की सगळे म्हणतात, "लेक्चरं असतात." म्हणजे काय असतं?

तर नातीला म्हटलं, मला एक बाई करून दे, तिला कॉलेजला घालूया.

बाई केली. पांढरे केस, चष्मा, नाक माझ्यापेक्षा बरं. साडी मनासारखी मिळाली नाही, म्हणून लांब झग्यावर भागवलं. नातीने विचारलं, नवरा घालायचा का? मी म्हटलं, आत्ता नको, आधी शिकू दे. बाहेर हे पेपर वाचत होते, तिथूनच विचारलं, "मला का वगळलं?" मी म्हटलं, "तुमच्या पट्ट्या कोण भरणार?"

विषय मी भौतिकशास्त्र घेतला. भरती रोज थोडी उशिरा का येते हे मला लहानपणापासून नीट समजून घ्यायचं आहे. नात म्हणाली, अवघड आहे हा विषय. मी म्हटलं, मग तर घेच. नंतर खेळाने विचारलं, घरून करणार की वसतिगृहात राहणार? मी विचार न करता घरून सांगितलं. नातीने ते बटण जरा जोरातच दाबलं.

जोरात का, ते सांगायला हवं. कारण तोच प्रश्न त्या आठवड्यात आमच्या घरात होता. तिला कोल्हापूरच्या एका कॉलेजात जागा मिळत होती, वसतिगृहासकट. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. आणि इथलं कॉलेज आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. मुलगा म्हणाला होता, आजी म्हणेल तसं. आणि आजी म्हणाली होती, "घर असताना घाटावर कशाला जायचं? घरून कर." नातीने मान हलवली होती, आणि तेव्हापासून ती आंब्यांच्या खोलीत बसत होती.

माझी बाई कॉलेजला निघाली तेव्हा मी चष्मा पुसून पुढे सरकले. मोठी इमारत, कमानी, हिरवळ. बाई दप्तर घेऊन पायऱ्या चढली, दारातून आत गेली आणि दिसेनाशी झाली. पडद्यावर नुसती इमारत. मी वाट बघितली. म्हटलं, आत ने ना. नात म्हणाली, आत नेता येत नाही, वर्ग दाखवतच नाहीत, तास संपला की ती बाहेर येईल. इतका खटाटोप करून वर्गच नाही! माझा इतका विरस झाला की मी उठून पन्हं करून आले.

पण बाई घरी यायची ते मात्र सगळं दिसायचं. ती टेबलाशी बसायची, पुस्तक उघडायची, आणि दारावरची बेल वाजायची. शेजारचे कोणी केक घेऊन आलेले असायचे, नाहीतर सहज म्हणून कोणी उभं असायचं. मी लगेच नातीला सांगून बाईला उठवायची, दार उघडायला लावायची, बसा म्हणायला लावायची, काहीतरी रांधायला लावायची. नात म्हणायची, उद्या परीक्षा आहे तिची. मी म्हणायची, दारात माणूस उभा आहे गो. खाऊन झाल्यावर त्यांच्या ताटल्या घरभर पडलेल्या असायच्या, त्या बाईने घासायला नकोत का? मग बाईची झोपेची पट्टी लाल व्हायची आणि ती पुस्तकावरच डोकं टेकायची.

बाई नापास झाली.

मी म्हटलं, पुन्हा घाल. पुन्हा नापास. तिच्या घरी माणसं फार येतात, हा खेळच असा केलाय की घरात शिकताच येऊ नये, असं मी जरा चिडूनच म्हटलं. नातीने तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही, पडद्याकडेच बघत हळू म्हणाली, "आजी, तिला कोणी उठवत नाही. तू उठवतेस."

मी काही उत्तर देणार, तेवढ्यात आमची खरी बेल वाजली. मुंबईहून सुट्टीवर आलेले कोणीतरी ओळखीचे आंबे घ्यायला आले होते. मे महिन्यात आमच्याकडे दिवसभर हेच. मी तोंड उघडलं नाही, नातीकडे बघितलंही नाही, तरी ती उठली होती. लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवून गेली. बाहेर तिचा आवाज ऐकू येत होता. या, बसा, उन्हातून आलात, सरबत घेणार का? मग फ्रीजचं दार. मग पेल्यांचा आवाज. आम्ही कोणी तिला कधी सांगितलेलं नाही. सांगायची वेळच आली नाही, असं म्हणायला हवं.

पडद्यावरही बेल वाजत होती. मला त्या माऊसचं नीट जमत नाही, म्हणून मी हात लावला नाही. बाई पुस्तक घेऊन बसलेली होती. बेल पुन्हा वाजली. बाईने पान उलटलं. दारात जो उभा होता तो जरा थांबला, पाय हलवले, आणि निघून गेला. कोणी रागावलं नाही. कुठलीच पट्टी उतरली नाही. बाई वाचत होती आणि मी तिच्याकडे बघत होते, आणि बाहेर आमची नात पाहुण्यांना विचारत होती की आणखी साखर हवी का.

रात्री जेवताना मी मुलाला म्हटलं, तिला कोल्हापूरला कळवू दे. त्याचा घास हातातच राहिला. म्हणाला, "आई, तूच म्हणाली होतीस घरून कर."

"म्हटलं होतं. आता वेगळं म्हणते."

त्याने कारण विचारलं. आता खेळातली बाई नापास झाली म्हणून, हे जेवणाच्या पानावर कसं सांगायचं? मी म्हटलं, इथे बेल फार वाजते. त्याला काही कळलं नाही. सुनेला कळलं असावं, कारण तिने न विचारता माझ्या भातावर आणखी एक पळी आमटी वाढली. नात खाली मान घालून माशातले काटे काढत बसली, सगळे काढून झाले होते तरी.

तिने तो खेळ मला मुद्दाम दाखवला होता का, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो. पण मी होऊन पाट ओढला होता, हेही खरं. अजून विचारलेलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल आणि मग विचार करायला काही उरणार नाही.

लॅपटॉप तिच्याबरोबर गेला, म्हणजे माझी बाईसुद्धा कोल्हापूरला गेली. फोनवर मी आधी नातीची चौकशी करते, मग बाईची. नातीच्या खोलीत अजून दोघी आहेत, एकीला रात्री दिवा लागतो, जेवणात सगळं तिखट, आणि पहिल्या महिन्यात ती रडली होती, हे तिने मला सांगितलं, आईला नाही. बाईला तिने वसतिगृहात हलवलं. बाईने तिथे एकदा भात करपवला, पण ती पास झाली. "कशीबशी," असं नात म्हणाली. मला कशीबशी चालतं.

परवा दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाली, आजी, बोलू नकोस, नुसती बघ. आणि तिने फोन फिरवला. लांब बाकं, एकाच्या मागे एक, पायऱ्यांसारखी वर चढत गेलेली. कोणीतरी विसरलेली पाण्याची बाटली. पंखे चालूच ठेवलेले. बाकावर कोरलेली नावं, ती तिने मला वाचू दिली. तास संपून सगळे गेले होते आणि ती माझ्यासाठी मागे थांबली होती. म्हणजे असा असतो तर. मी विचारलं, तू कुठे बसतेस? तिने तिची जागा दाखवली, खिडकीकडची, मधली.

तेवढ्यात आमची बेल वाजली. नातीने ती तिकडे ऐकली आणि म्हणाली, "जा आजी, मी थांबते."

हे आत झोपले होते, पण कान तिखट आहेत त्यांचे, उठतील. मी म्हटलं, "वाजू दे. तो फळा जरा जवळून दाखव, पुसायच्या आत."