विटा कोणी वाहिल्या

आमच्या शाळेचं इंटरनेटवर पान आहे, हे मला तिरोड्याच्या नेट कॅफेत कळलं. मी तेव्हा त्याच शाळेत शिक्षणसेवक होतो, मराठी शिकवायचो. सेवेची तीन वर्षं भरत आली होती. पुढे नियमित मान्यता मिळायची तर संस्थेनं माझा प्रस्ताव शिक्षण विभागाकडे पाठवायला हवा, आणि पाठवायचा म्हणजे सचिवांनी सही करायची. ती सही होईपर्यंत मी शाळेत खोकलायचं झालं तरी विचार करून खोकलत होतो.

कोणीही लिहावं, कोणीही खोडावं, असा तो ज्ञानकोश. कोण्या माजी विद्यार्थ्यानं त्यात आमची शाळा टाकली असावी, असं मला वाटलं. पाच-सहा ओळी. गाव, तालुका, वर्ग पाचवी ते दहावी, मैदान. आणि शेवटी हे वाक्य: ‘शाळेची इमारत संस्थापकांच्या दातृत्वातून उभी राहिली.’

संस्थापक म्हणजे आमच्या सचिवांचे वडील. जागा त्यांनी दिली, हे खरं आहे. ती त्यांचीच धानाची बांधी होती. पण धानाच्या बांधीत इमारत बांधायची तर आधी माती टाकून जमीन उचलावी लागते, नाहीतर पावसाळ्यात वर्गात बेडकं. ती माती बोडीतून, म्हणजे गावच्या तळ्यातून, आमच्या मोहल्ल्यानं काढली. विटा आमच्या मोहल्ल्यानं पाडल्या, भाजल्या आणि डोक्यावरून आणल्या. बौद्ध मोहल्ल्यातल्या दर घरातून एक माणूस, उन्हाळाभर, मजुरी नाही. बदल्यात आमची पोरं त्या शाळेत बसतील, त्यांना कोणी उठवणार नाही, एवढी बोली झाली होती. बाप जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेला होता, म्हणून आमच्या घरातून माय गेली. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तिच्या.

त्या बोलीमुळे मी शिकलो. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. हे मी मिरवतो, मिरवण्यासारखंच आहे. म्हणून त्या ‘दातृत्वा’वर माझी नजर अडकली आणि हलेना. शेजारच्या खुर्चीवर एक पोरगा जोरजोरात गाणी ऐकत होता. मी ‘संपादन’वर बोट दाबलं आणि दोन वाक्यं जोडली: ‘इमारतीसाठी लागणारी माती व विटा बौद्ध मोहल्ल्यातील कुटुंबांनी विनामजुरी वाहिल्या. त्याच इमारतीत आजही वर्ग भरून राहिले आहेत.’

नाव कुठंच टाकलं नाही. नावाच्या जागी नुसते आकडे उमटले. मला वाटलं, बरं झालं.

आठ दिवसांनी पाहिलं तर माझी वाक्यं गायब. त्यांच्या जागी ‘समस्त ग्रामस्थांचे सहकार्य लाभले.’ मी परत लिहिलं. परत गेलं. आता सोबत शेरा होता, ‘संदर्भ नाही.’ मायच्या डोक्यावरच्या विटांचा संदर्भ मी कुठून आणू? तिसऱ्यांदा लिहिलं. या वेळी भलताच कोणी माणूस मध्ये आला. पुण्याकडचा असावा, भाषेवरून. त्यानं वाक्य काढलं नाही, चर्चेच्या पानावर मला विचारलं, ‘वर्ग भरून राहिले आहेत म्हणजे काय? वर्ग कधी रिकामेच होत नाहीत का? कृपया प्रमाण मराठीत लिहावे.’

सांगतो, विटांचं वाक्य खोडलं तेव्हा लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. मराठी विषय घेऊन मी पदवी काढली. दहावीच्या पोरांच्या वह्यांत मी लाल शाईनं दुरुस्त्या करतो. आणि मलाच कळलं नव्हतं, की आमच्याकडे ‘भरून राहिले’ म्हणजे ‘भरत आहेत’, आणि तिकडे ‘भरून राहिले’ म्हणजे भरलेलेच राहिले. जन्मभर मी असंच बोललो, असंच लिहिलं. रागाच्या भरात शाळेच्या कॉम्प्युटरवर, शाळेच्याच डोंगलवरून उत्तर ठोकलं: ‘आमच्याकडे असंच बोलतात. तुम्ही विटांबद्दल बोला.’

तेवढंच चुकलं. पुढचे कित्येक आठवडे मी त्या एका ओळीला घाबरून काढले.

कारण वाक्यं खोडणारा होता सचिवांचा पुतण्या. नागपुरात इंजिनिअरिंग करत होता, आणि आजोबांच्या शाळेचं पान त्यानंच लिहिलेलं. एका दुपारी तो पानाची प्रिंट घेऊन स्टाफरूममध्ये आला. मागून सचिव.

‘हे आकडे दिसतात ना,’ पुतण्या म्हणाला, ‘यावरून समजते कोणत्या कनेक्शनवरून लिहिलं ते. पहिले तिरोड्यातून. शेवटचं जे आहे ते, काका, डोंगलचं वाटते.’

‘डोंगल किती आहेत गावात?’ सचिवांनी विचारलं.

‘खूप झाले जी आता,’ मी म्हणालो. आवाज नीट निघाला, याचंच नवल वाटलं.

सचिवांनी प्रिंट मोठ्यानं वाचली. ‘भरून राहिले’पाशी आमचे हिंदीचे सर हसले. ते गोंदिया शहरातले, रोज गाडीनं येणारे. ‘अरे साहब, ये तो अपने इधर का ही कोई है. पुणेवाला थोडी ऐसा लिखेगा!’

सगळे हसले. मीही हसलो.

सुटीनंतर सायकल स्टँडवर हिंदीच्या सरांनी मला गाठलं. ‘गुरुजी, ये “भरून राहिले” तुम्हारा है ना?’

‘सगळं गावच असं बोलते, सर.’

‘बोलते सब हैं. लिखता कौन है?’

मी कुलूप उघडत बसलो. उघडतच नव्हतं. सर म्हणाले, ‘घबराओ मत, मैं नहीं बोलूंगा. पर साइन होने तक थोड़ा चुप बैठो यार.’ ते बोलले नाहीत, हे मला माहीत आहे. पण त्या दिवसापासून ते कोणाशी हळू आवाजात बोलताना दिसले, की मी वाट बदलायचो.

त्याच आठवड्यात सचिवांनी मला ऑफिसात बोलावलं. मी मनात शब्द जुळवूनच गेलो. कबूल करायचं की नाही, ते मात्र दारापर्यंत ठरलं नव्हतं.

‘बसा मास्तर. तुमी कॉम्प्युटरवाले. पोरगा तं चालला नागपूरले. आता तुमी लक्ष ठेवा त्या पानावर. ते विटांचं वाक्य आलं का काढून टाकायचं. आणि कोण लिहिते, पत्ता लागला तं सांगा मले.’

मी ‘हो जी’ म्हटलं. बाहेर येऊन नळावर पाणी प्यायलो. माझ्यावरच पहारा द्यायचं काम मला मिळालं होतं.

तिसऱ्या वेळचं वाक्यही पुतण्यानं खोडलं होतं. मी लिहिणं बंद केलं. पान रोज उघडायचो आणि तसंच बंद करायचो. सचिव व्हरांड्यात भेटले की विचारायचे, ‘काय गा मास्तर, शांत आहे ना?’ ‘शांत आहे जी.’ घरी माय विचारायची, ‘झाली का सही?’ मी म्हणायचो, होऊन राहिली. विटांचं मी तिला काही सांगितलं नव्हतं.

आणि मग दिवाळीनंतर, गावोगावच्या मंडईच्या, म्हणजे जत्रांच्या दिवसांत, ते वाक्य परत आलं. मी लिहिलं नव्हतं. कोणी लिहिलं, मला आजही माहीत नाही. मोहल्ल्यातली शिकलेली पोरं तोवर पुण्याला, सुरतेला, कुठं कुठं पोचली होती, त्यातलाच कोणी असेल. माती, विटा, विनामजुरी, सगळं होतं. फक्त ‘भरून राहिले’चं ‘भरतात’ केलेलं. मी वाचलं आणि मला बरं वाटलं, खोटं कायले बोलू. मग आठवलं, ते आता मीच काढायचं होतं.

दोन दिवस मी पान पाहिलंच नाही, असं दाखवलं. तिसऱ्या दिवशी पुतण्याचा नागपूरहून फोन आला, आणि सचिवांनी मला तासातून उठवून कॉम्प्युटरपुढे बसवलं. स्वतः माझ्या मागे उभे राहिले.

‘काढा.’

मी पान उघडलं. वाक्य समोर होतं. माझं बोट माऊसवर होतं आणि ते दाबलं जात नव्हतं.

‘काऊन? लाइन गेली काय?’

‘नाही जी. हे माझ्यानं होणार नाही.’

‘काऊन होणार नाही?’

‘त्या विटांत माझी माय होती, साहेब.’

मला वाटलं, आता सचिव विचारतील, पहिलं वाक्य कोणी लिहिलं होतं. ते त्यांनी विचारलंच नाही. त्यांना समजलं असावं.

‘सरका,’ ते म्हणाले.

मी उठलो. ते खुर्चीवर बसले, चष्मा वर केला आणि एका बोटानं बाण हलवत हलवत वाक्यापाशी आले. ‘तुमच्या मायले कोणी जबरदस्तीनं आणलं होतं काय?’

‘नाही जी. बोली झाली होती.’

‘मंग माह्या बापानं बोली पाळली का नाही? तुमी शिकले ना इथंच?’

‘पाळली. म्हणून तं मी इथं उभा आहे.’

‘हं.’ त्यांनी परत एकदा वाचलं. मग ‘विनामजुरी’ एवढा एकच शब्द, एकेक अक्षर करत मागून खोडला. ‘हे बरं नाही दिसत. लोकं म्हणतील, बेगार घेतली. बाकी राहू द्या.’ आणि जतन कसं करायचं, ते मलाच विचारलं. मी दाखवलं.

उठताना म्हणाले, ‘तासावर जा.’ प्रस्तावाचं एक अक्षर काढलं नाही.

त्या संध्याकाळी मी मायला सगळं सांगितलं. पान म्हणजे काय, ते समजावायलाच वेळ गेला. तिनं ऐकून घेतलं, तांदूळ निवडत राहिली.

‘तर आता बौद्ध मोहल्ल्याचं नाव आहे तिथं,’ मी म्हणालो.

‘आहे ना? चांगलं झालं. आणि तुही सही?’

‘माहीत नाही.’

‘माहीत नाही म्हणजे? इटांसाठी नोकरी घालवून आला काय बे? इटा म्या वाह्यल्या, तुले पगार भेटावा म्हणून. अन् तू तिथं जाऊन भांडून राहिला!’

हिवाळा तसाच गेला. रोज शाळेत जाताना वाटायचं, आज काहीतरी ऐकायला मिळेल. सचिव नमस्कार घ्यायचे, पुढे जायचे. मी त्यांच्या नमस्काराचा सूर तपासत राहायचो, कालच्यापेक्षा कोरडा की ओला. सही त्यांनी केली, पण कधी केली तेही मला कळलं नाही. उन्हाळ्यात मान्यता आली, तेव्हाच समजलं की प्रस्ताव गेला होता.

मायच्या हातावर पेढा ठेवला. ती म्हणाली, आता गप राहा.

दुसऱ्या दिवशी मी तिरोड्याला गेलो, त्या ज्ञानकोशात रीतसर खातं उघडलं आणि ‘विनामजुरी’ हा शब्द होता त्या जागी परत लिहिला. या वेळी आकडे नव्हते. माझं नाव होतं, आडनावासकट.