चुलीत गेलेली चुंबळ

लग्न होऊन डिचोली तालुक्यातल्या सासरी आले, त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सासूने माझ्या डोक्यावरची चुंबळ उचलली आणि न्हाणीच्या चुलीत घातली. जुन्या लुगड्याच्या तुकड्याची साधी चुंबळ, मीच वळलेली. कापड जळाल्याचा तो वास अजून आठवतो आणि अजून मला तिडीक येते.

मी पेडण्याची. माहेरची विहीर बागेच्या तळाशी, आणि घर वर. दहा वर्षांची झाले तेव्हापासून डोक्यावर कळशी घेऊन तो चढ चढत होते. भात कांडायचं, लावणीच्या वेळी तरव्याच्या रोपांच्या जुड्या डोक्यावरून शेतात न्यायच्या, विहिरीचा दोर ओढायचा. यात मोठं काही आहे असं कोणाला वाटत नव्हतं, मला तर नाहीच. म्हणून सासरी कोणी सांगायच्या आधीच मी विहिरीवर गेले. कळशी भरून परत आले तर सासू पायरीवर उभी.

"आमच्या घरातली सून डोक्यार काय घेणा नाय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. कळशी उतरवून घेतली, चुंबळ चुलीत.

आम्ही तिला मांय म्हणायचो. मूळची सिंधुदुर्गातली. घरात ट्रक यायच्या आधी सुर्ल्याला खाणीवर तिने खनिजाच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या होत्या. पाटी शिगोशीग भरलेली नसली की मुकादम अर्ध्या वाटेवरून परत पाठवायचा, हे गावातल्या बायकांनी मला सांगितलं. तिने स्वतः कधी नाही. मग सासऱ्यांनी एक ट्रक घेतला, नंतर दुसरा. विहिरीवर पंप बसला. कामाला बाई आली. आणि मांयने ठरवून टाकलं की तिच्या सुनेने बसायचं.

बसायचं म्हणजे काय, ते बसल्याशिवाय कळत नाही. उठले की "बस गो". पोत्याला हात लावला की "बस गो". शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस. मीही पहिली दोन वर्षं तसंच समजत होते, खोटं कशाला बोलू. पुढे जेवणावरची वासना गेली, जिना चढताना धाप लागायला लागली, आणि तरी मी बसूनच होते. स्वतः मांय मात्र बसत नव्हती. पुढच्या दाराने रस्ता दिसायचा, तिथे ती ट्रकवाल्यांची आई. मागच्या दारी लाकडाच्या मोळ्या आणायची, नारळाची पोती ओढायची. गुडघे दुखतात म्हणून दर संध्याकाळी तेल चोळायची आणि सकाळी परत तेच. एकदा मोळीसकट मागच्या पायरीवरून पडली. साठी उलटलेली बाई. उठली, लुगडं झटकलं, पायरीला दोन शिव्या घातल्या आणि मोळी उचलली.

त्याच्या पुढच्याच वर्षी मी पडले. चाळिशीही गाठली नव्हती. सकाळी पोदेराच्या सायकलीचा हॉर्न वाजला म्हणून पाव घ्यायला पुढच्या पायरीवर आले. ट्रकांची तांबडी धूळ दवाने ओली झालेली, पाय सरकला, उजवा हात टेकला. बस, एवढंच. मोळी नाही, पोतं नाही, हातात पावाची रिकामी पिशवी. आणि मनगट मोडलं.

म्हापशाच्या डॉक्टरने एक्स-रे उजेडासमोर धरला. मग विचारलं, "घरी काय काम करता?" माझा नवरा शेजारी उभा होता. तो अभिमानाने म्हणाला, "काहीच नाही. आमच्याकडे तिला काही करावं लागत नाही."

डॉक्टर म्हणाला, "तेच तर दिसतंय."

मग त्याने मला सांगितलं, नवऱ्याला नाही, याबद्दल मी त्याची आजही ऋणी आहे. हाड म्हणजे लाकडाचा वासा नव्हे, ते जिवंत असतं. माणसं चालतात तिथंच पायवाट घट्ट होते, तसं ज्या हाडावर जोर पडतो तेच घट्ट होतं. दोर ओढला तर मनगटाचं, चढ चढलात, पाय जोरात टाकलात तर खुब्याचं. नुसतं उभं राहून फार काही होत नाही. रोज तेवढंच ओझं असलं तर हाडाला त्याची सवय होते, म्हणून थोडं थोडं वाढवायचं, मध्ये विसावा द्यायचा. आणि काहीच केलं नाही तर शरीर म्हणतं, इथे गरज नाही, आणि हाड विरळ होत जातं. पोटात अन्नही हवं, हे त्याने बजावलं. सुर्ल्याच्या बाया त्याच्याकडे यायच्या, ओझ्याखाली पिचलेल्या आणि अर्धपोटी. त्यांचीही हाडं धड नसायची.

"आज मनगट आहे," तो म्हणाला. "असंच बसून राहिलात तर म्हातारपणी खुबा मोडेल."

खुबा मोडला की काय होतं ते मला माहीत होतं. माहेरी शेजारची काकी ओसरीत पडली आणि मरेपर्यंत खाटेवरून उठली नाही. मला तसं मरायचं नव्हतं.

हात प्लास्टरमध्ये होता ते दिवस गोवा घटक राज्य व्हायच्या आधीचे. आमच्या सोप्यावर रोज संध्याकाळी पुरुषांचा नुसता गलका. राज्याची भाषा कोंकणी की मराठी, यावरून भावाभावांत बोलणं बंद झालेलं. मी आत जनेलाच्या गजांपाशी बसून ऐकायची. एकमेकांचं एक अक्षर त्यांना पटत नव्हतं. पण मी डाव्या हाताने चहाची किटली घेऊन बाहेर आले की दोन्ही बाजू एकमुखाने म्हणायच्या, अगो, तू बस. तळपायाची आग मस्तकात जायची.

प्लास्टर निघालं. डॉक्टरने सांगितलं होतं तसं आधी ओलं फडकं पिळलं, मग पीठ मळलं. मग अर्धी कळशी डोक्यावर घेऊन चढउतार करायची होती. कळशा शोधल्या तर एकही नाही. मांयने सगळ्या माळ्यावर चढवून ठेवल्या होत्या. नवरा म्हणाला, "रस्त्यावरून सगळं दिसतं. लोक म्हणतील, बायकोला पाणी भरायला लावतो."

त्या दिवशी मी तोंड उघडलं. नवऱ्याला म्हटलं, लोकांना माझा एक्स-रे दाखव. मग मांयकडे वळले. "तुम्ही मोळीसकट पडलात, तुम्हाला काय झालं? मी पावाची पिशवी घेऊन पडले, माझं काय झालं ते बघा. चौदा वर्षं मला बसवलंत. मान दिलात म्हणता. माझी हाडं खाल्लीत तुम्ही." शेवटचं वाक्य बोलायला नको होतं असं लोक म्हणतील. मला तसं आजही वाटत नाही.

मांय उठून मागच्या दारी गेली. रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीच्या काठावर एक कळशी होती आणि तिच्यावर चुंबळ. मांयच्या नेसत्या लुगड्याचा पदर फाडून वळलेली, घट्ट, पाट्या वाहणाऱ्या बाईच्या हातची. मांय पंपाकडे न जाता दोर धरून उभी होती. तिनेच पाणी शेंदलं आणि कळशीत ओतायला लागली. कळशी अर्धी झाल्यावर ती थांबली.

माझा राग गेला नव्हता. पुढच्या रस्त्याने दोन शेजारणी येताना दिसत होत्या. मी म्हटलं, "पुरी भरा. भरायचीच तर काठोकाठ भरा, बघू दे सगळ्यांना."

मांयने बादली बाजूला ठेवली. चुंबळ माझ्या डोक्यावर ठेवली, बोटांनी नीट बसवली आणि कळशी उचलायला वाकली. तिच्या विरळ केसांत टाळूवर रुपयाएवढी जागा उघडी होती, पाटीने घासलेली. इतकी वर्षं एका घरात राहून ती मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"अर्धीच घे गो," ती म्हणाली. "माका कोणी कधी अर्धी भरूक देवक नाय."