प्रोसेसरला न विचारता

जयराज चहा उभ्यानंच पितो आणि कपात दोन घोट ठेवून निघून जातो. पलूसजवळच्या आमच्या प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढायच्या कारखान्यात, मशीनचं इलेक्ट्रॉनिक्स तोच बघतो. मी शेजारच्या लेथवर. त्याच्याशी बोलायचं तर मागंमागं पळत बोलावं लागतं. गेल्या श्रावणात तर तो पार सैरभैर झाला होता.

कारण होतं प्रेसवर काम करणाऱ्या सोनमचं बोट. प्रेसच्या तोंडाशी न दिसणाऱ्या प्रकाशाचा पडदा असतो. त्यात हात आला की वरून येणारा लोखंडी ठोकळा थांबला पाहिजे. त्या दिवशी थांबला नाही आणि सोनमच्या करंगळीचं पेर गेलं. आमचे मालक लालासाहेब, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार; आम्ही त्यांना नाना म्हणतो. त्यांनी तिथल्या तिथं निकाल दिला, "चूक पोरीची हाय. हात घातलाच कशाला?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी लेथकडं वळलो. आमच्याकडं भिंतीला खिळा ठोकायचा तरी लालासाहेबांना विचारावं लागतं.

जयराज आठ दिवस धड जेवला नाही. मशीन उघडायचा, झाकायचा, पुन्हा उघडायचा. शेवटी सापडलं. हात आल्याची खबर आधी प्रोसेसरकडं जायची आणि त्यानं सांगितलं तरच ब्रेक लागायचा. नेमका त्या क्षणी प्रोसेसर लालासाहेबांच्या मोबाइलवर किती नग झाले ते पाठवण्यात गुंतलेला. 'सगळ्यात आधी मला कळलं पाहिजे', हा लालासाहेबांचा हट्ट. आणि जयराजनं प्रोग्राम तसाच लिहिला होता.

"प्रोसेसर हाय त्याच चिपमदी आतल्या आत थेट वाट हाय रं," तो मला म्हणाला. "पडद्याची खबर सरळ ब्रेकला जाती. प्रोसेसर झोपला तरी चालतंय. आन् मी ती वाट वापरलीच न्हाई गड्या." त्याचे डोळे भरले होते.

दोन दिवसांत त्यानं ती वाट जोडली. भर दुपारी, सगळ्यांसमोर, त्यानं प्रोसेसर पूर्ण थांबवला. स्क्रीन गोठली. त्यानं पेडल दाबलं आणि उसाचं कांडं आत सरकवलं. ठोकळा वरच थांबला. असं तीनदा केलं.

"कांड्याचं काय सांगतूस!" म्हणत लालासाहेब पुढं आले. कुणाला काही कळायच्या आत त्यांनी पेडल दाबलं आणि खाली येणाऱ्या ठोकळ्याखाली स्वतःचा हात घातला.

"नाना!" जयराज किंचाळला.

ठोकळा हातापासून चार बोटं वर थांबला होता. लालासाहेबांनी हात बाहेर काढला. पट्टी बांधलेला हात पोटाशी धरून सोनम दारात उभी होती, तिच्याकडं ते गेले.

"पोरी, चूक तुजी नव्हती. माजी हुती."

मला वाटलं, ती रडेल, नाहीतर असू द्या म्हणेल.

"व्हय, तुमची हुती," सोनम म्हणाली. मग तिनं जयराजकडं बघितलं. "ह्येंचीबी हुती. पेर तेवढं माजं गेलं."