ठकठक सर

कुठल्याही नव्या खोलीत पाऊल टाकलं की हा माणूस आधी बोटांच्या पेरांनी भिंतीवर वाजवायचा, मान वाकडी करून ऐकायचा आणि मगच आतल्या माणसांना नमस्कार करायचा. भिंत झाली की टेबल, मग खिडकीची चौकट. एकदा आमच्या डायरेक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये त्यानं त्यांचं नवंकोरं कपाट वाजवून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘अंदर से खाली है, सर.’’ साहेबांसह सगळे हसले. हेच मी म्हटलं असतं तर मला खुलासा द्यावा लागला असता. मुलांनी त्याचं नाव ठेवलं ठकठक सर, आणि ते नाव त्यानं पदवीसारखं मिरवलं.

दिल्लीतल्या एका सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही एकाच वर्षी लागलो. तो सांगलीचा, मी नागपूरचा. विषय दोघांचा एकच, यंत्रांची कंपनं. मुलांच्या भाषेत व्हायब्रेशन. खोल्याही समोरासमोर. त्याचं दार कायम उघडं असे आणि मुलं माझ्या दारावरून पुढे जाऊन त्याच्याकडे घुसत. काही दिवस मीही माझं दार उघडं ठेवून पाहिलं. वारा तेवढा आला.

वर्गात तो उत्तर म्हणून सांगत नसे. ‘‘तुझे क्या लगता है?’’ हा त्याचा पहिला प्रश्न. मुलानं चाचरत काही सांगितलं की फक्त एवढंच विचारायचा, ‘‘और?’’ त्या एका शब्दावर लाजरीबुजरी मुलं फळ्यापर्यंत जायची. अभ्यासक्रम माझा वेळेवर संपे, त्याचा कधीच नाही. तरी निरोप समारंभात मुलं कडं करून उभी राहत ती त्याच्याभोवती. महाराष्ट्र मंडळाची सहल पानिपतला काला अंबला गेली, तर तिथेही सगळी पोरं स्मारक सोडून त्याच्या मागे. एवढा उंच खांब वाऱ्यात डोलतो का, यावर तो त्यांच्यात वाद लावून देत होता. मी लढाईची माहिती पाठ करून गेलो होतो. ती मी बसच्या ड्रायव्हरला सांगितली.

दिल्लीजवळच्या मानेसरची गोष्ट मात्र मला फार लागली. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ग्राइंडिंग मशीनवर काढलेल्या दांड्यांवर बारीक लहरी उमटत होत्या, त्याही मधूनच. काम माझ्याकडे आलं होतं. मी उपकरणं लावली, बेअरिंग तपासली, पट्टे बदलले, पार पाया तपासला. मशीन निर्दोष होतं आणि दांडे खराबच निघत होते. शेवटी मॅनेजर संकोचून म्हणाला, ‘‘सर, वो ठकठक सर को भी एक बार ले आएँ?’’

ठकठक आला. त्यानं मशीनकडे पाहिलंही नाही. बूट काढून जमिनीवर उभा राहिला, मग खाली बसून फरशीवर तळहात टेकवला. बराच वेळ तसाच. अचानक मॅनेजरला म्हणाला, ‘‘दीवार के उस पार क्या है?’’ पलीकडे शेजारच्या कारखान्याचा नवा कॉम्प्रेसर होता. तो सुरू झाला की इकडे लहरी, तो थांबला की दांडे गुळगुळीत. मॅनेजर त्याचे हात हातात घेऊन ‘‘कमाल है, सर, कमाल है’’ म्हणत राहिला. आणि ठकठक त्याला माझ्याकडे बोट करून सांगत होता, ‘‘अरे, मशीन ठीक है, ये तो इन्होंने पहले ही साबित कर दिया था. इसीलिए मैंने दीवार के उस पार देखा.’’

बोलणं अक्षरशः खरं होतं. परतीच्या वाटेवर गाडीत मी त्याच्याशी हवापाण्याखेरीज काही बोललो नाही. त्यानं यश एकट्यानं लाटलं असतं तर मला त्याचा मनसोक्त राग करता आला असता. तेवढीही सोय त्यानं ठेवली नाही.

पुढे विभागप्रमुख तोच झाला. पुलांच्या तपासणीसाठी नेमलेल्या समितीवर त्याचं नाव आलं, परदेशातून व्याख्यानांची बोलावणी आली, त्याचं पुस्तक देशभर अभ्यासक्रमाला लागलं. दर वेळी स्टाफरूममध्ये पेढे मीच नेले. एकाच गावचे असल्यासारखे आम्ही तिथे ‘दोन मराठी’ होतो. मी नाही नेणार तर कोण?

दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या आमच्या घरी तो आणि वहिनी महिन्यातून एकदा तरी जेवायला येत. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझी मृण्मयी माझ्यासमोर ‘‘हो बाबा’’, ‘‘नाही बाबा’’ यापलीकडे जात नसे. काका आले की मात्र तिच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे. वाढता वाढता माझी बायको म्हणायची, ‘‘बघा, हिला बोलता येतं!’’ मी वरणाकडे बघायचो.

मृण्मयी आमच्याच कॉलेजातून इंजिनिअर झाली आणि पीएचडी करायचं ठरलं. नियमानं ती माझ्याकडे येऊ शकत नव्हतीच. त्यामुळे माझ्या विषयाकडेही ती येणार नाही, असं मी धरून चाललो होतो. चहा घेताना तिनं सांगितलं, ‘‘बाबा, मी सरांकडे करणार आहे.’’

‘‘कुठले सर?’’

‘‘सर म्हणजे सर. काका.’’

‘‘व्हायब्रेशनच करायचं होतं तर मला कधी एक शब्द विचारला नाहीस.’’

ती कप खाली ठेवत म्हणाली, ‘‘बाबा, तुम्हाला विचारलं की तुम्ही सांगता. ते मला विचारतात.’’

काकाचा त्या दिवसापासून ‘सर’ झाला. मला वाटलं होतं, त्यानं अंतर पडेल. उलट त्या ‘सर’मध्ये जो जिव्हाळा होता, तो माझ्या वाट्याच्या ‘बाबा’मध्ये मी वर्षानुवर्षं शोधत होतो. ती लॅबमधून उशिरा यायची, डोळे चमकत असायचे. जेवताना ‘सर म्हणाले’नं सुरू होणारी वाक्यं मोजायची नाहीत, असं मी स्वतःला बजावायचो.

तिला डॉक्टरेट मिळाली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तो गेला. सकाळी फिरायला म्हणून निघाला होता, सोसायटीच्या बागेतच कोसळला. फोन मृण्मयीला आला. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, लहानपणी रडायची तशी. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो आणि मनात येत होतं, माझ्यासाठी ही इतकी रडेल का? मित्र गेल्याच्या दिवशीसुद्धा मला हेच सुचलं.

शोकसभेला हॉल भरून माणसं दाराबाहेर उभी होती. सगळ्यात जुना मित्र म्हणून मला बोलायला सांगितलं. कागद न घेता मी बोललो, आणि बोलतच राहिलो; इतकी वर्षं त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणाकडे मी एवढं निरखून पाहिलंच नव्हतं. लोक डोळे पुसत होते. त्यांना ते प्रेम वाटलं.

सभा संपल्यावर वहिनींना भेटलो. मृण्मयी त्यांच्या शेजारी बसली होती, ती पाणी आणायला उठली. वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या.

‘‘भाऊजी, एक सांगू? ही लॅबमधून निघाली की हे खिडकीत उभे राहायचे. ती मेट्रोच्या जिन्यापर्यंत पोचेस्तोवर. घरी आले की मला म्हणायचे, ‘दिवसभर माझ्याकडे असते गं, पण शेवटी घरी जाते ती त्याच्याच.’ तुमचा फार हेवा करायचे हो ते.’’

खरं सांगतो, आधी आनंद झाला, अगदी उकळी फुटावी तसा. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्यापुढे होतो. आणि लगेच वाटलं, समोरच्या खोलीत जाऊन त्याला म्हणावं, ‘‘अरे, मग एवढी वर्षं बोलला का नाहीस?’’ आणि त्यानंही मला तेच विचारलं असतं.

‘‘चला बाबा,’’ मृण्मयी म्हणाली.

मेट्रोच्या ब्लू लाइनवर गर्दी होती. आम्ही दांड्याला धरून उभे होतो. खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही आज सरांबद्दल किती छान बोललात. मला यातलं कितीतरी माहीतच नव्हतं.’’

मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिला विचारलं, ‘‘तुला ते कसे वाटायचे?’’

ती बोलू लागली. द्वारका आली तरी तिचं संपलं नव्हतं. आमचं स्टेशन मागे गेलं, आणि मी तिला थांबवलं नाही.