सानवीचा घास

सानवीच्या घशाला स्टेथोस्कोप लावून डॉक्टरांनी मला तिला चमचाभर पाणी पाजायला सांगितलं. ती गिळत असताना ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "सगळं पोटात जात नाहीये. थोडं छातीत उतरतंय."

माझी लेक सानवी चार वर्षांची. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. हे आम्हाला आधीपासून ठाऊक होतं. पण पुन्हा पुन्हा न्यूमोनिया का होतो, ते त्या दिवशी कणकवलीच्या दवाखान्यात कळलं. ॲस्पिरेशन, म्हणजे अन्नपाणी वाट चुकून श्वासनलिकेत जाणं.

"पातळ काय देता?"

"पेज," मी म्हटलं.

आमच्याकडे ताप आला की पेज, पोट बिघडलं की पेज. आजारी माणसाला तर वरची नुसती निवळ. सानवी जितकी आजारी पडायची, तितकी माझी सासू पेज पातळ करायची. प्रेमानंच. आणि तेच तिच्या छातीत जात होतं.

डॉक्टरांनी सांगितलं, पातळ बंद. चमचा तिरका केला तर गोळा होऊन पडेल इतकं घट्ट द्या. ताठ बसवून, हनुवटी जराशी खाली ठेवून. पुन्हा न्यूमोनिया झाला तर पोटात फीडिंग ट्यूब, म्हणजे अन्नाची नळी, बसवावी लागेल. सानवीला ना बोलता येतं, ना बसता येतं. खाण्याची चव हीच तिची मजा. नळी बसली तर तीही जाणार.

"म्हंजे माज्या पेजेन तिका बाधला?" सोबत आलेल्या सासूबाईंनी विचारलं.

"आजी, तुमच्या हातावरच ती वाढलीय," डॉक्टर म्हणाले. "फक्त घट्ट करा."

घरी येताच सासूबाईंनी आटवल केली, म्हणजे मऊसूत घोटलेला भात. ती सानवीने जिभेवर घोळवून घोळवून खाल्ली. खोकला नाही.

खरी पंचाईत शेजारची. सानवी दवाखान्यातून आली की शेवंतीकाकी पेजेची बरणी घेऊन हजर. मी "नको" म्हटलं, तर तिचं तोंड एवढंसं झालं. "आमच्या हातचा चलना नाय काय गो?"

मी समजावत बसले असते. सासूबाईंनी मात्र तिला तांब्या दिला. "मान मागे टाक नि पाणी पी बघया."

काकीने घोट घेतला आणि अशी ठसकली की डोळ्यांतून पाणी आलं. "सायबा! ह्या पोरीचा असा होता?"

"रोज," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काकी भरवायला शिकायला आली. तिच्यामागून तिची सून. माझा नवरा मासेमारीच्या ट्रॉलरवर असतो, समुद्रावरून आला की तोही शिकला. काकीचा हात माझ्याहून सावकाश. मी घाई करायची, कामं दिसायची ना समोर!

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी छाती बराच वेळ ऐकली. "स्वच्छ आहे. नळी आत्ता नको. पण पुढे लागलीच, तर ती हार समजू नका." हे वाक्य मी जपून ठेवलंय. तुमच्या बाळाला नळी असेल तर तुम्हीही जपा.

आणि अशा घरी तुम्ही भेटायला जाल तेव्हा "काही लागलं तर सांग" म्हणू नका. आम्ही सांगत नाही. कसं भरवायचं ते विचारा आणि आईच्या हातातला चमचा घ्या.

त्या तपासणीच्या दिवशी घरी पोचलो तर काकी दारातच. सानवीला माझ्या खांद्यावरून उचलत म्हणाली, "तू आदी जेव. हिका मी बघतंय."

मी पाटावर बसले. बांगड्याची कढी वाफाळत होती. चार वर्षं मी उभ्यानं, निवलेलं, एका हातानं जेवले होते. पहिल्याच घासाला जीभ भाजली, आणि मी रडत रडत पोटभर जेवले.