भाकरीला चालतो, पियानोला नाही

"हातात काही दोष नाही," डॉक्टर म्हणाले. "बिघाड मेंदूत आहे. याला फोकल डिस्टोनिया म्हणतात."

मी सोलापुरातल्या न्यूरोलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांकडे बसले होते. त्यांनी माझ्याकडून सही करून घेतली, बटण लावून घेतलं, टेबलावर बोटं वाजवायला लावली. सगळं सरळ. मग मी सोबत नेलेला छोटा कीबोर्ड त्यांनी पुढे ठेवला. उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी पट्ट्यांवर टेकायच्या आधीच तळव्यात वळली.

एकच बारीक काम वर्षानुवर्षं केलं की काहींच्या मेंदूत शेजारच्या बोटांच्या जागा एकमेकींत मिसळतात. हुकूम एका बोटाला, हलतं दुसरंच. तेही फक्त त्याच कामात.

आधी ईएमजी झाली होती. त्यात स्नायूत बारीक सुई घालून नसांचं काम बघतात. नॉर्मल. एमआरआय नॉर्मल. बाकड्यावर बसून रिपोर्टची वाट बघताना प्रत्येक वेळी वाटायचं, आता तरी काहीतरी सापडू दे.

माझ्या वडिलांचं मोडनिंबला हायवेवर पंक्चरचं दुकान. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हॉस्टेलशेजारच्या चर्चमध्ये पियानो होता, तिथल्या बाईंनी शिकवलं. पुढे पुण्या-मुंबईत कार्यक्रम केले, परतून सोलापुरात शुक्रवार पेठेत क्लास काढला. हे मी कुणाच्या ओळखीवर नाही, या बोटांवर मिळवलंय. म्हणून बोटं वळायला लागली तेव्हा सराव कमी पडतोय असं समजून मी तो वाढवला. त्यानं जास्तच बिघडलं.

आईला निदान पटलं नाही. "भाकरी थापतीस की चांगली. मंग कसला आलाय आजार? त्यो डॉक्टरच येडा हाय."

वडील हसून म्हणाले, "आमच्या पेटीवालीला नजर लागली." त्यांच्या लेखी पियानो म्हणजे मोठी पेटीच.

आई मला वैरागला हाड बसवणाऱ्या काकांकडे घेऊन गेली. शिकलेली असून मी गेले. त्यांनी बोटं ओढली, लेप लावला आणि दोन्ही बोटांना सुती चिंधी गुंडाळली. "ही काढायची न्हाय," एवढंच म्हणाले.

घरी येऊन चिंधीसकट पियानोपुढे बसले. बोटं सरळ राहिली!

दुसऱ्या दिवशीही राहिली. आईनं गल्लीत पेढे वाटले. "सांगितलं व्हतं का न्हाय मी?" मी डॉक्टरांकडे जाणं बंद केलं आणि पुण्यातल्या एका कार्यक्रमाला हो म्हणून बसले.

स्टेजवरही चिंधी होती. पहिली रचना नीट गेली. दुसरीत उजव्या हाताला सलग, जलद सुरांची लांब ओळ होती, तिथे करंगळी आत गेली, मागोमाग अनामिका. उरलेल्या बोटांनी थोडं ओढलं, मग थांबले. लोकांना वाटलं, रचना संपली. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुन्हा डॉक्टरांकडे गेले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "कातडीला नवा स्पर्श झाला की मेंदू थोडे दिवस फसतो. काही जण रबरी हातमोजा घालतात, त्यांनाही असंच होतं. पुढे मेंदूला त्याचीही सवय होते."

मग बोटॉक्स दिलं. स्नायू सैल पाडणारं इंजेक्शन. बोटं वळायची थांबली, पण त्यांच्यातला जोरही गेला. सूर निघायचे, पण पोकळ. असर उतरला की बोटं पुन्हा आत. बोटांना नव्यानं शिकवायचे व्यायामही केले, अजून करते. फरक नाही.

"रोजचं आयुष्य व्यवस्थित चालेल तुमचं," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, माझं रोजचं आयुष्य तेच होतं."

त्यांनी खोटी आशा दिली नाही, याबद्दल त्यांचे आभार. आईनं दिली ती मायेपोटी. तिचेही मानायला हवेत, मला अजून जमत नाही.

वाजवणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर सांगते. बोट वळलं तर त्याच दिवशी थांबा, जोर लावू नका. आणि मधेच चार चांगले दिवस आले तर त्यांच्या भरवशावर कुणाला शब्द देऊ नका. काही जणांचा हात पुष्कळ सुधारतो म्हणतात. माझा नाही सुधारला.

क्लास चालू आहे, मुलं कमी झालीत. परवा रेणुका एका ओळीत अडकली. विणकरांच्या घरातली, हात फार सुंदर आहे पोरीचा. म्हणाली, "मॅडम, एकदा वाजवून दाखवा की. सांगून कळंना मला."

सवयीनं माझा हात पुढे गेला. बोटं हवेतच वळली. तिनं पाहिलं आणि पटकन नजर पट्ट्यांवर नेली.

मी हात मांडीवर घेतला. म्हटलं, "पुन्हा वाजव."