पांदण आमची, टिप्पर त्यांचे

वाशीम जिल्ह्यात फिरण्यासारखं काय आहे, असं मला नेहमी विचारतात. त्या खेपेला मी फिरायला गेलेच नव्हते. जऊळक्याच्या उत्तरेला टेकडीजवळ माझ्या मामांचं गाव. त्या टेकडीत काळ्या दगडाची खाण निघणार होती, आणि गिट्टी टिप्परच्या ट्रकांनी सडकेनं न्यायची की रेल्वेनं, यावर गावात सभा होती. मामांचा फोन आला, "ये वं, तू लिहतं ना कायबाय. पाहून जाय."

अकोल्याहून पॅसेंजर धरली. तिकीट स्वस्त, खिडकी हमखास मिळते. पाणी मात्र घरून न्या. जऊळका स्टेशनवर मामा मोटारसायकल घेऊन उभे होते.

"स्टेशन इतकं जवळ हाय, मालगाडीनं न्या म्हणा," ते गाडी चालवता चालवता ओरडून सांगत होते. "रुळासाठी माह्यं एखादं वावर गेलं तरी चालन. टिप्पर नको. धूळ बसली का तुरीचा फुलोरा गेला समज."

डांबरी संपली की पांदण लागते, म्हणजे शेतांमधली बैलगाडीची वाट. पूर्वी तिथं चपला चिखलात ठेवूनच पुढे जावं लागायचं. मामांनी दारोदार फिरून प्रत्येकाकडून धुऱ्याची, म्हणजे बांधालगतची, पट्टी सोडवली, गावानं स्वतः मुरूम टाकला. मग मारोतीच्या पारावर मामांनीच सगळ्यांना शपथ घातली की पांदण कोणी कधीच अडवायची नाही. आता दोन ट्रॅक्टर शेजारून जातात. दोन्हीकडे तूर पिवळीधमक फुललेली. मी फोटो काढत सुटले.

मुक्कामाला लॉज नाही, मामी आहे. झुणका-भाकर आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा.

दुसऱ्या दिवशी शाळेत सभा भरली. खाणवाल्यांचा साहेब गोड माणूस निघाला. म्हणाला, "दोन्ही पर्याय खुले आहेत. पण आधी सांगा, ही वाट इतकी छान कोणी केली?"

मामा उठले. "आमीच. सरकारचा एक रुपया नाही. एकानंही कोर्टकचेरी नाही केली."

"आणि उद्या कोणी अडवली तर?"

"काहून अडवन? मारोतीपुढं शपथ हाय. ज्याले जायचं त्यानं जावं!"

साहेब हसला. "मग रेल्वेचा खर्च कशाला? रस्ता तर तयारच आहे."

कोणी टाळी वाजवली नाही, कोणी भांडलंही नाही. मामा तसेच उभे. शेवटी मागून कोणीतरी म्हणालं, "बसा ना भाऊ."

बाहेर आल्यावर मी चिडून म्हटलं, "मामा, सगळे मिळून आडवे व्हा रस्त्यात!"

"अडवा म्हणतं? शपथ म्याच देली त्यायले. आता मीच मोडू?"

परतीच्या गाडीत मला रडू आलं, आणि समोरच्या बाईनं न विचारता चिवडा पुढे केला.

हे लिहायला मला वर्ष लागलं. ते फोटो अजून कुठे टाकलेले नाहीत. टिप्पर केव्हाच सुरू झाले. यंदाही तूर फुलली, पण फूल टिकलं नाही. गावाला जायला रस्ता आहे, तो कुणीच अडवत नाही.

परवा मामांचा फोन आला. मी खाणवाल्यांना शिव्या घालत होते, ते ऐकून घेत होते. शेतापासून एक रात्र लांब न राहिलेला माझा मामा मग हळूच म्हणाला, "तुह्याकडं भाड्यानं खोली भेटन का वं? आमा दोघायपुरती."

मी शोधते आहे.